आंबिल ओढ्याचा पर्यावरणीय इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

सहकारनगरवासी:

नमस्कार. पुण्यात कात्रजच्या डोंगरातून निघून पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा आणि दांडेकर पूल असा मार्ग काढत मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याचा पर्यावरणीय इतिहास लिहिण्याचे मी मनावर घेतले आहे. माझे वास्तव्य या ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेला पूर आमच्या भागातील कोणीही विसरू शकणार नाही. टांगेवाले कॉलनीपासून दांडेकर पुलापर्यंत त्या एका रात्रीत माणसे गेली, गुरे गेली, घरे गेली. त्यानंतर जे काही बोलले आणि छापले गेले त्याचा मथितार्थ एवढाच होता की ओढ्यावर अतिक्रमण झाले, पात्र अरुंद झाले आणि म्हणून पूर आला. हे विधान चुकीचे आहे असे मला म्हणायचे नाही. पण ते पात्र मुळात कोठे होते, किती रुंद होते, कोणी कोणत्या गरजेपोटी ते हलवले किंवा आवळले आणि त्या प्रत्येक वेळी काठावर कोण राहात होते, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत.

मला ठाऊक असलेली मोठी पावले अशी आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजला तलाव बांधून तेथून दगडी नळाने शहरातील हौदांना पाणी आणले गेले. त्याच सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याचे पाणी अडवून तळे झाले आणि पूर्वी पेठांच्या जागेतून वाहात शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळणारा प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला. पुढे त्या तळ्याचे सारसबाग झाले, इंग्रजी अमलात खडकवासल्याचा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही काठांवर वस्ती दाटली. पण या पावलांच्या मधली जवळजवळ दोनशे वर्षांची जागा माझ्या टिपणवहीत रिकामी आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. कोणती कागदपत्रे कोणत्या क्रमाने पाहावीत? ज्या ओढ्याविषयी कोणी मुद्दाम लिहून ठेवले नाही, त्याचे जुने रूप कशावरून ठरवावे? आणि हे लेखन ‘पूर्वी सारे किती सुंदर होते’ अशा विलापात न अडकता कसे करावे? वाचक म्हणून माझ्या मनात प्रथम याच भागातील रहिवासी आहेत. इतिहासाचे शिक्षण मी घेतलेले नाही, मात्र वेळ देण्याची तयारी आहे.

मोडी-वाचक:

विषय उत्तम निवडला आहे. ‘पुण्याचे पर्यावरण’ असा विषय घेणारे पहिल्या वर्षातच थकतात, तर एका ओढ्याचा माग काढणारा मनुष्य निदान कोठून कोठपर्यंत चालायचे हे जाणतो.

क्रमाविषयी माझे मत थोडे उलटे आहे. आपण पेशवाईपासून सुरुवात करून आजपर्यंत येऊ नये. आजपासून मागे जावे. मोडी दप्तरात काय शोधायचे हे आधी ठरलेले नसेल तर त्या रुमालांपुढे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपुढे, माणूस हतबल होतो, आणि काय शोधायचे हे नकाशेच सांगतात. म्हणून प्रथम शहराच्या १९६६, १९८७ आणि २०१७ च्या विकास आराखड्यांचे नकाशे मिळवावेत आणि ओढ्याची रेषा त्या तिन्हींत एकाच प्रमाणावर आणून एकमेकींवर ठेवून पाहावी. पर्वती भागातील नगररचना योजनेचे नकाशेही त्यांच्या जोडीला असावेत. जे कागद सहज मिळणार नाहीत ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. अर्ज करताना ‘ओढ्याची सर्व माहिती’ असे न लिहिता नकाशाचे नाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक लिहिला, तर उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

त्याच्या मागची पायरी भूमी अभिलेखांची आहे आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण कामाचा कणा तोच आहे. आज आपण ज्याला शहर म्हणतो त्यातील मोठा भाग पर्वती, धनकवडी आणि कात्रज या गावांच्या शेतजमिनीचा होता. धनकवडी आणि कात्रज तर १९९७ मध्ये महापालिकेत आली. या गावांचे गाव नकाशे, टिपण (शेताच्या मोजणीची मूळ नोंद), गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब), फाळणी नकाशे (पोटहिश्शांचे नकाशे) आणि आकारबंद (क्षेत्र व सारा यांची नोंदवही) हे कागद पाहावेत. मोजणीदाराने ओढ्याचे वर्णन करण्यासाठी ते केलेले नव्हते. शेताचा आकार ठरवून सारा बसवणे हा त्याचा हेतू होता. पण शेताची हद्द ओढ्याला लागली की त्याला ओढा मोजावाच लागला आणि आपल्याला हवे ते नेमके तेथेच सापडते. लागवडीला न येणारी, ओढ्याखाली किंवा रस्त्याखाली गेलेली जमीन पोटखराब्यात दाखवलेली असते. एखाद्या सर्व्हे क्रमांकाचा पोटखराबा पुढच्या काळात कमी झालेला दिसला, तर ती जमीन ओढ्याकडून कोणाकडे तरी गेली असण्याची शक्यता असते आणि फेरफाराच्या नोंदीत त्याचा दुवा शोधता येतो. हे काम चिकाटीचे आहे. मात्र ‘पात्र अरुंद झाले’ हे विधान जागेसह आणि वर्षासह करण्याचा याहून भरवशाचा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुण्यावरील अठरावा खंड पाहावा. तो १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला आणि त्यात पुण्याचा पाणीपुरवठा, तलाव, हौद, ओढे यांची तपशीलवार माहिती आहे. वाचताना एक पथ्य मात्र पाळावे. त्या अधिकाऱ्यांची नजर महसुलाची होती. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती त्यांच्या लेखी पडीक. त्याच जमिनीवर गावाची गुरे चरत असतील, पावसाळ्यात ओढ्याचे पाणी पसरत असेल, जळण गोळा होत असेल, तरी तो शब्द बदलत नाही. म्हणून ‘पडीक’ असे वाचले की तेथे काय नव्हते यापेक्षा तेथे कोण येत-जात होते याचा शोध घ्यावा.

पेशवे दप्तराकडे, म्हणजे पेशवाईतील सरकारी कागदांच्या संग्रहाकडे, वळाल तेव्हा इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या निवडक कागदांच्या ४५ खंडांवर फार भिस्त ठेवू नका, कारण ती निवड मुख्यतः राजकीय घडामोडींसाठी झालेली आहे. नळ, तळे, बाग, कुरण, मजुरी आणि चुना-दगड यांच्या हिशेबांची वाट मूळ रुमालांकडेच जाते आणि त्यासाठी मोडी वाचता यावी लागते. ती शिकता येते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या आधाराने अनेकांनी ती शिकून घेतली आहे. कुरणांच्या नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. घोडदळाला लागणाऱ्या गवतासाठी राखलेली कुरणे म्हणजे त्या काळच्या राज्यव्यवस्थेने जमिनीवर घातलेले एक मोठे बंधन होते, आणि शहराभोवतीच्या माळांचे रूप ठरण्यात त्यांचाही वाटा आहे.

वृत्तपत्रांविषयी एवढेच सांगतो की ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून आणि ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता. त्यांचे पावसाळी महिन्यांचे अंक चाळले तर ओढ्यांच्या पुराची बातमी एका परिच्छेदात का होईना, हाती लागू शकते.

टेकडीवरून:

वरील उत्तर कागदांचे आहे आणि ते मोलाचे आहे. मी जमिनीच्या बाजूने काही जोडतो, कारण दुसरा प्रश्न कागदांनी पूर्ण सुटणार नाही.

प्रथम ओढ्याचा स्वभाव समजून घ्यावा. आंबिल ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आहे आणि त्याचा वरचा भाग कात्रजच्या उताराचा आहे. खाली बेसॉल्टचा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. अशा जागी थोड्या वेळात मुसळधार पाऊस झाला तर पाणी मुरण्याआधीच वाहू लागते आणि काही तासांत खाली पोहोचते. मुठेचा पूर निराळा असतो. तिच्या वरच्या भागात आज धरणे आहेत आणि शहरातला पूर पुष्कळदा धरणातून सोडलेल्या पाण्याचा असतो. १२ जुलै १९६१ चा पूर तर पानशेतचे धरण फुटून आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण कोसळून आला होता. १९६१ आणि २०१९ ही दोन वर्षे लोकांच्या बोलण्यात एका दमात येतात, पण एक धरण फुटल्याचा पूर होता आणि दुसरा डोंगरावर कोसळलेल्या पावसाचा. लेखनात ही दोन कारणे कोठेही मिसळू देऊ नयेत.

पावसाच्या आकड्यांच्या बाबतीतही हीच काळजी हवी. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि शहरातील नोंदी दीर्घ काळच्या आहेत, हे आपले भाग्यच. पण शिवाजीनगरच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस आणि त्याच संध्याकाळी कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस यांत मोठे अंतर पडू शकते. परतीच्या काळातील गडगडाटी पाऊस तर अगदी मोजक्या जागेत कोसळतो. म्हणून ‘त्या दिवशी पुण्यात इतका पाऊस झाला’ या वाक्यावरून ओढ्याच्या पुराचा निष्कर्ष काढू नये.

नकाशांच्या आणि भूमी अभिलेखांच्या मधली पोकळी भरून काढण्यासाठी हवाई आणि उपग्रह चित्रे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली चित्रे १९९५ मध्ये खुली झाली. आपल्या भागाचे त्यांतील चांगले चित्र मिळाले, तर ओढ्याचा काठ, मळे, विहिरी आणि वाटाही ओळखता येतील. त्याउलट १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅटच्या चित्रात एक बिंदू सुमारे ८० मीटरांचा आहे, त्यामुळे टेकड्यांवरील बांधकामाचा पसारा त्यात दिसेल, पण ओढ्याचे पात्र त्या एका बिंदूत हरवून जाईल. प्रत्येक चित्राचा महिना लिहून ठेवावा. मे महिन्यातील उघडी टेकडी आणि ऑगस्टमधील हिरवी टेकडी यांची तुलना करून कोणताही बदल सिद्ध होत नाही.

टेकड्यांविषयी मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. पर्वती आणि वेताळ टेकडीची जुनी छायाचित्रे पाहिली की त्या बहुतांशी उघड्या दिसतात आणि पाहणारा लगेच म्हणतो की येथे पूर्वी घनदाट जंगल होते, ते तोडले गेले. काही उतारांबाबत ते खरे असेलही. परंतु पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटरच्या आसपासचा आहे आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली काटेरी व पानझडी झाडे हेच मूळ रूप असण्याची शक्यता विचारात घेतलीच पाहिजे. उघडी टेकडी म्हणजे बिघडलेली टेकडी, या समजुतीतून तेथे गिरिपुष्पासारखी (ग्लिरिसिडिया) परदेशी झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली आणि आजचे ‘जंगल’ अनेक ठिकाणी त्याच झाडांचे आहे. आपण ‘पूर्वीचे रूप’ ठरवताना गवताला स्थान दिले नाही, तर इतिहासाची सुरुवातच एका गृहीतकावर होईल.

ओढ्याच्या काठाने उगमापासून संगमापर्यंत चालत जावे, आणि तेही वेगवेगळ्या ऋतूंत. जेथे उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज अशी पाण्याच्या कडेची जुनी झाडे दिसतील तेथे खूण करावी. मुख्य पात्रापासून दूर, एखाद्या सोसायटीच्या आवारात असे जुने झाड उभे असेल तर ते कोणी लावले आहे की जुन्या काठाची निशाणी आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा असतो आणि त्याचे उत्तर गाव नकाशावर पडताळता येते. कात्रजच्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठी बांधलेले झरोके, जेथे शिल्लक आहेत तेथेही थांबावे; ते पाहिले की पाणी कोणत्या उताराने नेले असेल याचा अंदाज डोळ्यांना येतो. आणखी एक बदल नोंदवावा, कारण तो इतका हळू झाला की कोणी त्याची बातमी केली नाही: शहरातील बहुतेक ओढे पूर्वी उन्हाळ्यात आटत किंवा बारीक धारेवर येत, आता सांडपाण्यामुळे ते बारमाही झाले आहेत.

जीवसृष्टीच्या जुन्या नोंदी ओढ्यापुरत्या क्वचितच मिळतात, पण नदीच्या मिळतात. विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलेला निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेत मिळालेला खुद्री हा महसीर वर्गातील मासा आहे. कोळस, नुक्ता अशी स्थानिक नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली, म्हणजे ती नावे सांगणारे काठावरचे कोणीतरी त्या निबंधाच्या मागे उभे आहेत. ओढा ज्या नदीला मिळतो तिच्यात पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी काय जगत होते याची ही खात्रीशीर नोंद आहे.

सहकारनगरवासी:

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. पोटखराब्याची नोंद हा पुरावा ठरू शकतो, हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते. आता दोन अडचणी उरतात. खडकवासल्याचा कालवा आणि १९६१ चा पूर हे ओढ्याच्या इतिहासात घ्यावेत की बाहेर ठेवावेत? घेतले तर विषय पसरतो आणि वगळले तर आमच्या भागाचा इतिहास अपुरा वाटतो. दुसरे म्हणजे काठावरील वस्त्यांतील लोकांशी बोलायचे आहे; पण पुराने ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याकडे वही घेऊन जाताना मन कचरते.

आठवणींची वही:

मन कचरते हे चांगलेच लक्षण आहे. पुराविषयी थेट विचारू नका, कामाविषयी विचारा. ओढ्यावर धुणे कोणत्या दगडांवर होत असे, गुरे कोठे उतरत, शेणी कोठे थापल्या जात, भाजीचे मळे कोणाचे होते, मुले पोहायला कोठे जात, कोणता मासा मिळे आणि तो कोणत्या महिन्यात, असे प्रश्न विचारले की माणसे आनंदाने बोलू लागतात आणि पुराची गोष्ट त्यांना वाटले तर, त्यांना वाटेल तेव्हा आपणहून सांगतात. बायकांशी बोलल्याखेरीज हे काम पुरे झाले असे समजू नये. पाणी भरणे आणि धुणे ही कामे त्यांनी केली. काठ कोठे उतरता होता आणि पाणी कधीपासून हात घालण्याजोगे राहिले नाही, हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगणार नाही.

वर्ष विचारू नये; फारच थोड्यांना ते आठवते. त्याऐवजी प्रसंगांच्या आधाराने काळ बांधावा: पानशेतच्या पुराआधी की नंतर, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तुम्ही येथे होता का, ७२ च्या दुष्काळात विहिरीला पाणी होते का, गाव महापालिकेत गेले तेव्हा नाल्याची भिंत होती का. पाणी किती चढले हेही शब्दांत विचारू नका. माणसाला भिंतीपाशी नेऊन हात लावायला सांगा आणि ती उंची जमिनीपासून मोजून घ्या. ‘कमरेएवढे’ आणि ‘छातीएवढे’ यांत माणसामाणसाप्रमाणे फरक पडतो, पण भिंतीवर मोजलेली उंची नकाशावर मांडता येते.

१९६१ चा पूर आपल्या विषयात येतो, आणि तो आपल्याच घराच्या वाटेने येतो. पानशेतच्या पुरात बेघर झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी ज्या वसाहती झाल्या त्यांत गोखलेनगर आणि लोकमान्यनगर यांच्याबरोबर सहकारनगरही आहे. म्हणजे एका नदीच्या पुरातून उठलेली माणसे दुसऱ्या ओढ्याच्या खोऱ्यात येऊन वसली. त्या वेळी ओढ्याकडे कोणी कसे पाहिले, घर बांधताना त्याचा विचार झाला का, पुराची धास्ती मनात असलेल्या माणसांना हा ओढा निरुपद्रवी वाटला का, हे विचारण्यासाठी त्या पिढीतील माणसे आता फार उरलेली नाहीत. बाकी सारी कागदपत्रे वर्षभर थांबू शकतील. या मुलाखती थांबू शकत नाहीत. म्हणून मोडी-वाचकांच्या क्रमाचा पूर्ण आदर राखून मी म्हणेन की नकाशांच्या आधी, उद्यापासूनच, हे काम सुरू करा.

वस्त्यांच्या बाबतीत आणखी एक सांगणे आहे. २०२१ च्या जून महिन्यात दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वसाहतीतील घरे पाडण्यावरून मोठा संघर्ष झाला होता. तेथे जाऊन जुन्या घरांविषयी, ताब्याविषयी आणि पात्राच्या हद्दीविषयी प्रश्न विचारणारा मनुष्य कोण आहे, ही शंका लोकांना येणारच, आणि ती रास्त आहे. आपण काय लिहिणार, ते कोण वाचणार, नाव छापायचे की नाही, हे आधी सांगावे. एखाद्याची माहिती त्याच्याच घराविरुद्ध वापरली जाऊ शकेल असे वाटले तर ती छापू नये, मग ती कितीही महत्त्वाची असो. आणि लिहून झाल्यावर तो भाग त्यांना वाचून दाखवावा.

पाणी कोणाला मिळाले, हा प्रश्नही याच कामाचा भाग आहे. कात्रजचे पाणी हौदांत आले, पण हौदावर येण्याची मुभा सर्वांना सारखी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, यावरून त्या काळी शहरात किती माणसे भरल्या हौदांच्या शेजारी राहूनही पाण्याविना होती याची कल्पना येते. ओढा आणि नदी यांचे महत्त्व अशा माणसांसाठी अर्थातच निराळे होते. मुळशी आणि मावळच्या बाजूला जात्यावरच्या ओव्या मोठ्या कष्टाने गोळा करून जपल्या गेल्या आहेत. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. कात्रज-धनकवडीच्या जुन्या घरांतील आजींना ओढ्यावरची, विहिरीवरची, पावसावरची ओवी आठवते का, हेही विचारून पाहावे.

मुठेकाठ:

विलाप कसा टाळावा, या आपल्या तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी प्रयत्न करतो.

माझ्या मते विलाप येतो तो मांडणीतून. ‘आधी निसर्ग होता, मग माणूस आला, मग विनाश झाला’ अशा तीन प्रकरणांत लिहायला बसलो की शब्द कितीही संयमाचे वापरले तरी सूर रडाच लागतो. शिवाय या ओढ्याच्या बाबतीत ती मांडणी वस्तुस्थितीलाही धरून नाही. आज आपण ज्याला आंबिल ओढ्याचे ‘नैसर्गिक’ पात्र म्हणतो, त्याचा पर्वतीखालचा भाग अठराव्या शतकात माणसांनी ठरवलेला आहे. म्हणून राजवटींनुसार प्रकरणे पाडण्यापेक्षा कामांनुसार पाडावीत: कात्रजचे तलाव आणि नळ, पर्वतीचे तळे आणि वळवलेला प्रवाह, कालवा, पुनर्वसनाच्या वसाहती, काठाच्या भिंती. प्रत्येक कामाला तेच चार प्रश्न विचारावेत. गरज कोणाची होती? पैसा आणि श्रम कोणाचे होते? पाणी कोणाकडे गेले? आणि धोका कोणाकडे गेला?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओढा पेठांच्या जागेतून बाहेर काढला तेव्हा शहराच्या गाभ्याला घरांसाठी कोरडी जमीन मिळाली आणि त्या गाभ्याच्या वाटचे पुराचे पाणी शहराच्या कडेला गेले. त्या काळी त्या कडेला फारशी वस्ती नव्हती, त्यामुळे त्या निर्णयात कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. पण शहर वाढत गेले आणि ज्यांना गाभ्यात जागा परवडत नव्हती ती माणसे नेमकी त्याच कडेला आली. अठराव्या शतकात हलवलेला धोका तेथे तसाच पडून होता. माणसे मागाहून आली. ही साखळी कागदांच्या आणि मुलाखतींच्या आधाराने दाखवता आली, तर ‘अतिक्रमण’ या एका शब्दात सारे दोष काठावरच्या घरांवर ढकलण्याची जी सवय आपल्याला लागली आहे तिला उत्तर मिळेल. त्याच वेळी मोठ्या सोसायट्यांच्या भिंती, रस्ते आणि अरुंद पूल यांनीही पात्र घेतले असेल तर तेही त्याच तराजूत मोजले जाईल.

कालवा बाहेर ठेवू नये. मात्र तो ओढ्याला जेथे भेटतो तेवढाच घ्यावा. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. त्याच्या उजव्या कालव्याने हडपसर-मांजरीकडची शेती भिजवली, हा मोठा विषय आहे आणि तो आपला नव्हे. आपला विषय असा की डोंगराकडून उतरणारा ओढा आणि उताराला आडवा जाणारा कालवा पर्वतीच्या परिसरात एकमेकांना छेद देतात, आणि तेथे जमिनीवर दोन वेगळ्या व्यवस्था एकत्र येतात. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्त्यांत शिरले. पाऊस नसतानाही त्या वस्त्या बुडाल्या. एका वर्षाच्या आत, २०१९ मध्ये, त्याच परिसरात ओढ्याचा पूर आला. हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी मांडले तर वाचकाला त्या जागेचे स्थान आपोआप समजेल.

आता पुराव्याविषयी. आपल्या लेखनात तीन प्रकारची विधाने येतील: कागदावर किंवा नकाशावर दिसणारी, लोकांनी सांगितलेली आणि आपण तर्काने काढलेली. या तिन्हींची क्रियापदे वेगळी ठेवावीत. ‘पात्र अमुक फूट होते’, ‘पात्र मोठे होते असे रहिवासी सांगतात’ आणि ‘पात्र याहून मोठे असावे’ ही तीन वाक्ये वाचकाला लगेच वेगळी कळतात आणि लेखकावरचा विश्वास वाढतो. दादोजी कोंडदेवांच्या काळी पुण्याच्या रक्षणासाठी या ओढ्यावर बांध घातल्याची परंपरागत हकीकत आहे. ती द्यावी, पण दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात द्यावी.

पूररेषांचा उल्लेख कराल तेव्हा त्यांचा अर्थ एकदा स्पष्ट सांगावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानली जाते. आमच्याकडे पुष्कळ लोक त्याचा अर्थ ‘आता शंभर वर्षे चिंता नाही’ असा घेतात, आणि घर घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा गैरसमज घातक आहे. दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो.

टेकडीवरून:

मुठेकाठ यांच्या मांडणीशी मी सहमत आहे, एका मुद्द्याचा अपवाद करून. प्रकरणे केवळ बांधकामांनुसार पाडली तर डोंगर पुन्हा मागे पडेल. २०१९ चे पाणी वरच्या उतारावरून आले आणि तो उतार गेल्या काही दशकांत फोडला गेला आहे. खाणी, रस्ते, टेकडीच्या पोटाशी आलेल्या इमारती, गाळाने भरत गेलेले तलाव यांना कोणी ‘ओढ्यावरील काम’ म्हणणार नाही, पण ओढ्यात किती पाणी आणि किती माती येते हे तेथेच ठरते. म्हणून निदान एक प्रकरण उगमाच्या डोंगराचे असावे आणि ते प्रथम यावे.

मोडी-वाचक:

एक व्यावहारिक सूचना राहिली होती. पर्वती गावाचे अभिलेख मागताना फक्त गाव नकाशावर समाधान मानू नये, कारण तो लहान प्रमाणावर असतो आणि त्यात ओढा एका नागमोडी रेषेएवढाच दिसतो. ज्या सर्व्हे क्रमांकांची हद्द ओढ्याला लागते त्यांची यादी त्या नकाशावरून करावी आणि मग त्या प्रत्येकाचे मूळ टिपण मागावे. मोजणीचे प्रत्यक्ष आकडे त्यात असतात. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा उपलब्ध केलेल्या आहेत, तेव्हा कार्यालयात जाण्यापूर्वी तेथे पाहून घ्यावे. जुनी मापे साखळी आणि आण्यांत लिहिलेली असतात. एक साखळी म्हणजे ३३ फूट आणि तिचे १६ आणे, हे लक्षात ठेवले तर ओढ्याची तेव्हाची रुंदी आपल्याला घरी बसून काढता येईल.